जपानी मोची : एका अपरिचित पिष्टान्नाचा गुणविचार

"हे खाल्ले तर चालेल का?" या प्रश्नाला वैद्याला दिवसातून किमान दहा वेळा तोंड द्यावे लागते. बहुतेक वेळा उत्तर जिभेवर तयारच असते. दही, वांगे, केळे, उडीद, शिळा भात यांचा विचार आपल्या पूर्वसूरींनी करून ठेवला आहे आणि आपण तो पाठ केला आहे. अडचण येते ती संहितेत व निघंटूत ज्याचे नावही नाही असे द्रव्य रुग्ण समोर आणून ठेवतो तेव्हा. गेल्या दिवाळीत आमच्यापुढे असाच प्रसंग आला, आणि त्यात आमच्याकडून चूक झाली. ती चूक वैद्यबंधू-भगिनींपुढे मांडावी व त्यानिमित्ताने त्या पदार्थाचा यथामति गुणविचार करावा, या हेतूने हा लेखनप्रपंच आहे.

आमचे चिकित्सालय बोर्डी येथे आहे. गावातील एका चिकूच्या वाडीचे मालक, वय वर्षे ७६, पक्षाघातानंतर दोन वर्षे आमच्या चिकित्सेखाली आहेत. घरचे सर्वजण त्यांना आप्पा म्हणतात, आम्हीही तसेच म्हणतो. उजव्या हातापायाचे बल बऱ्यापैकी परत आले आहे, वाणी किंचित अडखळते. त्यांचा नातू जपानमध्ये संगणक क्षेत्रात नोकरीला आहे. तो दिवाळीला घरी आला, तेव्हा विमानतळावरून आठ नगांचे एक सुबक खोके घेऊन आला. पदार्थाचे नाव मोची. नाव ऐकताच आमच्या कंपाउंडरने खिडकीतून नाक्यावर चपला शिवत बसलेल्या कारागिराकडे पाहिले, हा भाग वेगळा.

सूनबाई खोके घेऊन चिकित्सालयात आल्या. "डॉक्टर, आप्पांचा आग्रह आहे, नातवाने आणलेले चाखायचे म्हणतात. चालेल ना?" खोक्यावर इंग्रजी मजकुराची पट्टी होती, ती आम्ही वाचली. साखर, पिठुळ पाक, अझुकी नावाचे कडधान्य, तांदळाचे पीठ, ट्रेहालोज, स्टार्च, मीठ. दूध नाही, अंडे नाही, मैदा नाही, तळण नाही. आप्पांना प्रमेह नाही. तांदूळ, कडधान्य व साखर यांत अपथ्य ते काय, असा विचार करून आम्ही म्हणालो, "एखादे द्यायला हरकत नाही. उपाशीपोटी देऊ नका, इतकेच."

त्याच दिवशी सायंकाळी फराळाच्या आग्रहास्तव आम्ही त्यांच्या घरी गेलो होतो, हे दैवच म्हणायचे. आप्पा झोपाळ्यावर तक्क्याला रेलून बसले होते. नातवाशी बोलता बोलता त्यांनी अर्धा नग तोंडात घातला, दोन-तीनदा चावला, आणि त्यांचे बोलणे मध्येच थांबले. खोकला नाही, आवाज नाही. हात गळ्याकडे गेला, डोळे विस्फारले. कोणीतरी पाण्याचा तांब्या पुढे केला, तो आम्ही बाजूला सारला. आप्पांना पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने पाच ठोके दिले, उपयोग झाला नाही. मग मागून कवेत घेऊन नाभीच्या वर मूठ ठेवली आणि आत व वर असा झटका दिला. तिसऱ्या झटक्याला पांढरा, लवचिक, जवळजवळ अखंड असा गोळा बाहेर पडला. हे सारे एक मिनिटभरात घडले असावे. आम्हाला ते मिनिट फार मोठे वाटले. पोटावर दिलेल्या दाबाने आत इजा होऊ शकते व अन्नाचा अंश फुप्फुसात उतरलेला असू शकतो, म्हणून त्यांना त्याच रात्री डहाणूला नेऊन तपासून घेतले. सुदैवाने काही निघाले नाही.

घरी येऊन आम्ही आप्पांचा केसपेपर काढला. त्यात सात महिन्यांपूर्वीची आमच्याच हस्ताक्षरातील नोंद होती : "पातळ चहा घेताना ठसका लागतो." मोचीविषयी सल्ला देताना आम्ही पट्टी वाचली, केसपेपर वाचला नाही.

उरलेल्या नगांपैकी तीन नग आम्ही मागून आणले. जो पदार्थ आपण न चाखता, न जाणता दुसऱ्याला खाण्यास सांगितला, तो निदान आता तरी समजून घ्यावा, असे वाटले.

मोची म्हणजे चिकट तांदळाचा कुटून केलेला गोळा. जपानी लोक या तांदळाला मोचिगोमे म्हणतात. आपल्या पालघर जिल्ह्यातील वाडा कोलम, ज्याला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याच्या भाताचे शीत न् शीत मोकळे होते व तोच त्याचा गौरव. मोचिगोमेचा गौरव नेमका उलट, म्हणजे शीत शिताला धरून राहण्यात आहे. भारतात असा तांदूळ आसामात बोरा या नावाने व मणिपुरात काळ्या चाक-हाओच्या रूपाने पिकतो, महाराष्ट्राच्या सर्वसाधारण स्वयंपाकात मात्र तो नाही. आधुनिक शास्त्राप्रमाणे तांदळातील स्टार्चचे दोन प्रकार आहेत, अमायलोज व अमायलोपेक्टिन. चिकट तांदळात अमायलोज जवळजवळ नसतेच. ग्लुटेनशी या चिकटपणाचा काही संबंध नाही, हे इंग्रजी नावामुळे गोंधळणाऱ्या रुग्णांना सांगावे. मात्र गव्हाचे वावडे असणाऱ्याने प्रत्येक खोक्यावरील पट्टी वाचलीच पाहिजे.

परंपरेने हा तांदूळ रात्रभर भिजवतात, वाफवतात आणि उसु नावाच्या मोठ्या उखळीत किने नावाच्या लाकडी मोगरीने कुटतात. एक जण घाव घालतो, दुसरा दोन घावांच्या मध्ये ओल्या हाताने गोळा उलटतो. वर्षअखेरीस हे कांडण सामुदायिक रीतीने होते. चंद्रावर जो डाग आपल्या पूर्वजांना सशासारखा दिसला व ज्यावरून आपण चंद्राला शशी म्हणतो, त्याच डागात जपानी मुलांना मोची कांडणारा ससा दिसतो. नववर्षाला दोन मोची एकावर एक रचून देवापुढे ठेवतात आणि झोनी नावाच्या कढणात घालून खातात. आमच्याकडे आले ते याचे मिठाईरूप, दाइफुकु. त्यात अझुकीचे गोड पुरण भरलेले असते.

रचना पाहिली की आपल्याला उकडीचा मोदक आठवावा, आणि तो आठवतोच. बाहेर तांदळाची पारी, आत गोड सारण. आमचाही घोटाळा या साम्यामुळेच झाला असावा. मोदकाची पारी दाताखाली तुटते. मोचीची पारी ताणली जाते, दातांना, टाळूला व कवळीला धरते आणि लाळेने सहज विरत नाही.

आम्ही एक नग रविवारी सकाळी, भूक लागल्यावर, सावकाश खाल्ला. वर स्टार्चचा कोरडा लेप असल्यामुळे प्रथम स्पर्श रूक्ष वाटतो, पुढच्याच क्षणी तो पिच्छिल होतो. रस मधुर, अगदी किंचित लवण. एक घास गिळण्यायोग्य होण्यास आम्हाला चाळीसहून अधिक वेळा चावावे लागले, आणि आमचे दात अजून शाबूत आहेत. नंतर तासभर मुखात लेप राहिल्यासारखे वाटले व दुपारची भूक उशिरा लागली. एका व्यक्तीच्या एका दिवसाच्या अनुभवावरून सिद्धान्त काढू नये, हे आम्ही जाणतो. तरीही गुरु, पिच्छिल, मधुर, कफवर्धक हा अंदाज चुकीचा नसावा. सुश्रुताचार्यांनी पिच्छिल गुणाला बल देणारा, सांधणारा, कफकर व गुरु म्हटले आहे. सांधण्याचे हे कर्म गळ्यातच घडले तर काय होते, ते आम्ही पाहिले.

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या मात्राशितीय अध्यायात पिष्टमय पदार्थ व पोहे यांना गुरु मानले आहे, जेवणावर ते कधीही खाऊ नयेत असे सांगितले आहे व भुकेल्यालाही मात्रेचे बंधन घातले आहे. गुरु द्रव्य तृप्तीच्या अर्ध्या किंवा तिसऱ्या भागापर्यंतच घ्यावे, हाही तेथलाच उपदेश. आम्ही सूनबाईंना सांगितले होते, "उपाशीपोटी देऊ नका." म्हणजे शास्त्राच्या नेमके उलट!

येथे तरुण वैद्य एक शंका घेतात. चिकट तांदळाचे स्टार्च शाखायुक्त असल्यामुळे पाचकद्रव्यांना ते अनेक टोकांनी एकाच वेळी तोडता येते, त्यामुळे ते लवकर पचते व रक्तातील साखर वेगाने वाढवते, असे आधुनिक आहारशास्त्र सांगते. मग लवकर पचणाऱ्याला गुरु कसे म्हणावे? आमच्या मते ही दोन मापे वेगळी आहेत व ती एकाच फूटपट्टीवर बसविण्याचा हट्ट धरू नये. प्रयोगशाळेत स्टार्चचा रेणू किती मिनिटांत तुटला, एवढ्यावर गुरुत्व ठरत नाही. खाल्ल्यानंतर अग्नीवर पडणारा भार, उत्पन्न होणारा क्लेद, कफ व मेदाची वृद्धी, अंगाला येणारे जडत्व हे सारे त्या शब्दात येते. प्रमेही रुग्णापुरते पाहिले तर वाद उरतच नाही. वेगाने वाढणारी साखर व कफ-मेद-क्लेदाची वृद्धी, दोन्ही वाटांनी उत्तर एकच येते : देऊ नये. त्यातही पट्टीवर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहितात व आमच्या खोक्यावर पहिले नाव साखरेचे होते, तांदळाचे चौथे, हे ध्यानात घ्यावे. "तांदळाची मिठाई" असे आम्ही म्हणालो होतो, तेही अर्धेच खरे.

अझुकीविषयी थोडे. हे लाल, लहान दाण्याचे कडधान्य मूग, उडीद व चवळी यांच्याच कुळातील आहे. आपल्या ग्रंथांत त्याचे वर्णन नाही, तेव्हा शिंबीधान्याच्या सामान्य गुणांवरून अनुमान करावे लागते. शिंबीधान्यांत चरकाचार्यांनी मुगाला श्रेष्ठ व उडदाला सर्वांत अहितकर ठरविले आहे. अझुकी या दोहोंत कोठे बसते, हे एका नगावरून सांगण्याचे धाडस आम्ही करणार नाही. मात्र जपानी गृहिणी ते शिजवताना पहिले उकळीचे पाणी फेकून देतात. तुरटपणा जावा हा त्यामागील उद्देश. संस्काराने गुणांतर होते, हे सूत्र त्यांना कोणी शिकविले नसेल, पण हात ते जाणतो.

दुसऱ्या नगावर आम्ही एक साधा प्रयोग केला. घरी त्याच दिवशी केलेला उकडीचा मोदक व मोची शेजारी शेजारी झाकून ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी मोदकाची पारी कडक झाली होती, तिला चिरा पडल्या होत्या. मोची तिसऱ्या दिवशीही मऊ होती. अमायलोज थंड झाल्यावर लवकर घट्ट होते, चिकट तांदळात ते नाही, हे एक कारण. पण जपानमध्येही घरी कांडलेली साधी मोची एक-दोन दिवसांत टणक होते व ती भाजून किंवा उकळून खावी लागते. खोक्यातील मोची महिनोन्महिने मऊ राहते ती साखर, पाक व ट्रेहालोज यांच्यामुळे. हे पाण्याला धरून ठेवतात व स्टार्चला पुन्हा घट्ट होऊ देत नाहीत. ट्रेहालोज ही निसर्गात अळिंबीत व किण्वात आढळणारी शर्करा आहे. १९९० च्या दशकाच्या मध्यास जपानी उद्योगाने ती स्टार्चपासून स्वस्तात बनविली, तेव्हापासून ती अशा मिठायांत सर्रास येऊ लागली.

मग ही मोची पर्युषित म्हणावी की नाही? मोदक शिळा झाला हे डोळ्यांना दिसते, बोटांना कळते. मोचीने शिळेपणाची खूणच पुसून टाकली आहे. रस, गंध, स्पर्श न बदललेल्या अन्नाला केवळ कालगणनेने शिळे म्हणणे आम्हाला अवघड वाटते, आणि चार महिन्यांपूर्वी शिजलेल्या अन्नाला ताजे म्हणणे त्याहून अवघड. या प्रश्नावर ज्येष्ठ वैद्यांनी लिहावे, अशी विनंती आहे. जाता जाता, खोक्यात एक छोटी पुडी होती. तिच्यात प्राणवायू शोषून घेणारी लोहाची पूड असते. मंद दृष्टीच्या वृद्धाने ती साखरेची पुडी समजून फोडू नये, म्हणून खोके उघडताच ती टाकून द्यावी.

चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायात आहारविचाराची आठ स्थाने सांगितली आहेत, ती आपणा सर्वांना मुखोद्गत आहेत. आम्ही त्यातल्या पहिल्यावर, म्हणजे प्रकृतीवर थांबलो. तांदूळ आहे, कडधान्य आहे, ठीक आहे. कांडण्याचे करण पाहिले असते तर पिच्छिलता लक्षात आली असती. देश-काल पाहिला असता तर हेही दिसले असते की जपानी माणूस मोची खातो ती मुख्यतः बर्फाळ जानेवारीत, जेव्हा अग्नी बलवान असतो. आपण बोर्डीच्या दमट किनाऱ्यावर ती खात होतो. अर्थात भाद्रपदात, अग्नी मंद असताना अकरा मोदक खाणाऱ्या आम्ही या बाबतीत फार बोलू नये! उपयोगसंस्थेचे म्हणाल तर जपानी चहाविधीत आधी गोड घास व मागून कडू हिरवा चहा असा क्रम आहे, आणि लक्ष खाण्यात असते. आप्पा रेलून, बोलत बोलत खात होते. सर्वांत शेवटी येतो उपयोक्ता, खाणारा. आमची चूक तेथे होती. वाग्भटांनी अन्नप्रवेश हे प्राणवायूचे कर्म सांगितले आहे. पक्षाघातात ज्याचे ते कर्म दुर्बल झाले आहे, त्याला पिच्छिल गोळा देणे म्हणजे लंगड्याला निसरड्या वाटेवर चालविणे होय.

खुद्द जपान या धोक्याला ओळखून आहे. टोकियोचे अग्निशमन दल दरवर्षी नववर्षाच्या तोंडावर मोचीविषयी इशारा प्रसिद्ध करते, कारण घशात मोची अडकून रुग्णालयात न्यावे लागणाऱ्यांत बहुतांश वृद्ध असतात व त्यांतील काही दगावतात. लहान तुकडे करा, आधी चहा किंवा कढण पिऊन घसा ओला करा, नीट चावा, वृद्धांना एकटे खाऊ देऊ नका, असे तेथे सांगितले जाते. ज्यांचा हा शेकडो वर्षांचा सात्म्य आहार आहे, त्यांना एवढी सावधगिरी लागते. आमच्याकडे आला तो पदार्थ, सावधगिरी जपानलाच राहिली.

परका म्हणून मोची नाकारावी, असे आम्ही म्हणत नाही. ज्या फळावर आमचे गाव जगते तो चिकू तरी कोठला? तो मध्य अमेरिकेचा. घोलवडला त्याची लागवड १८९८ च्या सुमारास झाली, २०१६ साली त्याला डहाणू-घोलवडच्या नावाने मानांकन मिळाले, आणि २०१३ पासून बोर्डीच्या किनाऱ्यावर त्याचा महोत्सव भरू लागला. बृहत्त्रयीत चिकू नाही, तरी मधुर, शीत, गुरु म्हणून आपण त्याचे पथ्यापथ्य सांगतोच. जपानही आता दूर राहिलेले नाही. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांची वारली चित्रे निईगाता प्रांतातील तोकामाची येथील मिथिला संग्रहालयात पोचली, जपानी कलावंत गंजाडला येऊन गेले, आणि मुंबई-अहमदाबाद वेगवान रेल्वेचा मार्ग आपल्या डहाणू व तलासरी तालुक्यांतूनच जातो. खोकी येतच राहणार. तरुण, सुदृढ दातांच्या, दीप्ताग्नी व्यक्तीने हिवाळ्यात भुकेच्या वेळी एक नग सावकाश खाण्यास आमचा आक्षेप नाही. लहान मुले, कवळी वापरणारे वृद्ध, पक्षाघात व कंपवाताचे रुग्ण यांना मात्र मोची तुकडे करूनही देऊ नये, असे आमचे मत झाले आहे.

एक व्यावहारिक सूचना करावीशी वाटते. घास अडकलेला मनुष्य खोकत असेल तर त्याला खोकू द्यावे. आवाजच बंद झाला असेल तर पाणी पाजू नये, न दिसणाऱ्या घासासाठी आंधळेपणाने बोट घालू नये. पाठीवर पाच ठोके व पोटावर पाच झटके आळीपाळीने द्यावेत. शुद्ध हरपल्यास छातीवर दाब देणे सुरू करून १०८ ला कळवावे. आम्ही हे एका शिबिरात केवळ उपस्थितीपत्रासाठी शिकलो होतो. आपल्या शाखेच्या पुढील सभेत अर्धा तास यासाठी राखावा.

आमच्या केसपेपरच्या छापील नमुन्यात आता क्षुधा व मलप्रवृत्ती यांच्या मध्ये एक ओळ वाढली आहे : "गिळताना त्रास वा ठसका – आहे / नाही." आप्पांची गिळण्याची रीतसर तपासणी करून घेतली. त्यानुसार ते ताठ बसून, हनुवटी किंचित खाली घेऊन, दाटसर पेज व मऊ भात घेतात.

परवा ते चिकित्सालयात आले होते. तेल-औषध घेऊन झाल्यावर दाराशी थांबले व म्हणाले, "डॉक्टर, मोची सोडली. गणपतीत मोदकाचे काय?" आम्ही केसपेपर उघडला, तो वाचला, आणि मग लिहून दिले : अर्धा, गरम, पारी तुपात मऊ कुस्करून, जेवणाच्या आरंभी, सूनबाई समोर असताना.